तेविसावी प्रतिज्ञा आणि आइसक्रीमची वेल

डाव्या पायाची एक चप्पल, निळ्या पट्ट्याची.

“वेल म्हणजे झाड नव्हे,” झाडांच्या खात्यातला माणूस म्हणाला आणि त्यानं पेनाला टोपण लावलं.

कूलर पावसाळ्यात कुणी घेत नाही.

अर्धी जळालेली मेणबत्ती. ती कुणी लावली यावर एक बैठक झाली.

वाळूजच्या ज्या कंपनीत मोतीराम खंदारे स्टोअरकीपर होते, तिथं नटबोल्टसुद्धा सहीशिवाय फाटकाबाहेर जात नसे.

एका शेळीनं पुदिना खाल्ला.

“बावीस कमी पडल्या व्हय?” असं सत्यभामाबाई म्हणाल्या.

हे सगळं एकाच वेलीचं आहे. गोळा करून सांगायला थोडा वेळ लागेल, कारण वेल कुठून सुरू होते आणि कुठं संपते हे नंतर नंतर कुणालाच सांगता येत नव्हतं. पण सुरुवात तरी करू.

हर्सूलच्या अलीकडं रो-हाऊसची एक ओळ आहे. तिच्यात मोतीराम आणि त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई राहतात. मुलगा संघपाल पुण्याला असतो. शेजारच्या घरात हबीब शेख, त्यांच्या पत्नी फहमिदा आणि मुलगी अरफा. हबीबभाई कूलर बनवतात, आणि पावसाळ्यात न विकलेले पत्र्याचे सांगाडे अंगणात रचून ठेवतात. दोन अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. भिंतीच्या अलीकडं, नळाच्या कट्ट्याशेजारी, सत्यभामाबाईंनी लावलेली वेल. नर्सरीवाला तिला काहीतरी इंग्रजी म्हणाला होता. गल्ली तिला आइसक्रीमची वेल म्हणते. हिरवी बदामासारखी पानं, चिंचोक्याएवढी गुलाबी फुलं, फुलांच्या शेंड्याला बारीक मिशा. आइसक्रीमशी तिचं साम्य एवढंच, की दिसायला गोड आणि हाताबाहेर जायला वेळ लागत नाही.

आता मोतीरामांचं दुखणं. ते ठाऊक असल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मोतीरामांचं कोणतंही काम शेवटाला जात नसे. कायद्याचं शिक्षण पहिल्या वर्षापर्यंत. पालीचा वर्ग तिसऱ्या धड्यापर्यंत. पेटी ‘सा’पासून ‘प’पर्यंत. निवृत्तीनंतर पहाटे हर्सूल तलावापर्यंत चालत जायचं ठरलं, पण ते जेलच्या फाटकापर्यंत जात आणि तिथून रिक्षानं परत येत. “जेलपाशी जाऊन इतक्या लवकर सुटणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच,” असं गल्लीतला सांडू म्हणे. घराचा वरचा मजला सळयांपर्यंत आला होता. गच्चीवर गंजलेल्या लोखंडी सळया उभ्या होत्या आणि सत्यभामाबाई पाहुण्यांना वर नेऊन म्हणत, “हे यांचं वरचं घर.” एवढंच. त्या भांडत नसत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून मोतीरामांच्या मनात एक इच्छा होती. मोठी नव्हती. एकदा, फक्त एकदा, काहीतरी ठरवावं आणि ते ठरल्या दिवशी पूर्ण करून घरी यावं, आणि सत्यभामाबाईंनी काही म्हणू नये.

आषाढी पौर्णिमेला विहारात वर्षावास सुरू झाला. भंतेजींनी सांगितलं, की पावसाळ्यात भिक्खू फिरले तर कोवळे अंकुर आणि किडेमुंग्या पायाखाली येत, म्हणून तीन महिने एका जागी राहायची रीत पडली. उपासकांनीही या काळात एखादी लहान गोष्ट सोडावी, मनाला वळण लागतं.

सांडूनं तंबाखू सोडली. भागूबाईंनी, म्हणजे विहारातल्या सगळ्यात ज्येष्ठ आणि सगळ्यात धाकाच्या बाईंनी, संध्याकाळचा चहा सोडला. विहार समितीचे सचिव धम्मपाल सर शाळेत गणित शिकवतात. त्यांनी जेवताना मोबाइल सोडला. पाळी मोतीरामांकडं येऊ लागली तशी त्यांनी मनातल्या मनात स्वतःची झडती घेतली. तंबाखू ते खात नव्हते. चहा सोडणं शक्य नव्हतं. मोबाइलवर संघपालचा फोन येतो. शोधता शोधता त्यांना आढळलं, की झाडंझुडपं या विषयाला आपण आयुष्यात हात लावलेला नाही. जे आपण करतच नाही ते सोडायला काय लागतं? तीन महिने नुसतं बसायचं, आणि काम पूर्ण!

ते उभे राहिले. कायद्याचं पहिलं वर्ष घशाशी आलं.

“माझ्या घराच्या हद्दीत उगवलेल्या कोणत्याही हिरव्या पानाला,” मोतीराम म्हणाले, “आश्विन पौर्णिमेपर्यंत माझ्या हातून, माझ्या सांगण्यावरून, अथवा माझ्या संमतीनं इजा होणार नाही.”

“साधु, साधु, साधु!” विहार म्हणाला. भागूबाईंनी मान डोलावली. भागूबाई सहसा मान डोलावत नाहीत.

घरी येताना गल्लीच्या तोंडाशी सत्यभामाबाई म्हणाल्या, “बावीस कमी पडल्या व्हय? तेविसावी कशाला काढली?”

“त्या धम्मदीक्षेच्या प्रतिज्ञा वेगळ्या. हा संकल्प आहे.”

“आणि वेल?”

“कोणती वेल?”

सत्यभामाबाई थांबल्या. दर रविवारी आपली बायको कात्री घेऊन अंगणात जाते, हे मोतीरामांना ठाऊक होतं. कशासाठी जाते, हे विचारायची वेळ कधी आली नव्हती.

“तू काप की,” असं म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं. ‘सांगण्यावरून’ हा शब्द आडवा आला. त्यांनी तोंड मिटलं.

“मी बोट लावणार नाय,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “मी कापली तर जन्मभर म्हणाल, तुझ्यामुळं अर्धं राहिलं.” आणि कात्री खुंटीला गेली.

सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. संकल्पाच्या हद्दीत मंडईतली मेथी येत नव्हती, पण मोतीरामांनी ती ओढून आत घेतली आणि भाजी निवडायच्या कामातून सुटले. मग पाऊस लागला.

वेलीनं आधी कपड्यांची दोरी घेतली. मग फाटक. मग स्कूटरचा आरसा, हँडल आणि सीट, या क्रमानं. मोतीराम रोज सकाळी मिशा सोडवून स्कूटर मोकळी करत. मिशी सोडवणं ही इजा नव्हे असा निर्णय त्यांनी स्वतःच दिला होता. संध्याकाळपर्यंत वेल पुन्हा सीटवर. पुढं त्यांनी स्कूटर तिला देऊन टाकली आणि क्रांती चौकात जायचं झालं तर रिक्षा धरू लागले. वेल पाइपवरून गच्चीवर गेली, सळयांना पाहून तिला आनंद झाला असावा, कारण पाहता पाहता तिनं वर चारी बाजूंनी भिंती उभ्या केल्या आणि त्यांच्यावर छप्पर घातलं. मोतीरामांच्या घराचा वरचा मजला अखेर झाला. लोक रस्त्यावर थांबून फोटो काढत. सत्यभामाबाई वर जाऊन पाहून आल्या आणि खाली येऊन म्हणाल्या, “ही पूर्ण करती हो काम.”

मग वेल भिंतीवरून पलीकडं उतरली.

इथं हबीबभाईंचा स्वभाव सांगायला हवा, कारण सगळी अडचण त्याच्यामुळं झाली. हबीबभाई जर जरा कमी चांगले असते तर ही गोष्ट श्रावणातच संपली असती. वेल त्यांच्या कूलरच्या सांगाड्यांत शिरली, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि सगळे सांगाडे तिनं एकमेकांना शिवून टाकले. त्यांची एक चप्पल तिनं घेतली ती परत दिली नाही. तरी हबीबभाई भिंतीपलीकडून म्हणाले, “माशाअल्ला, क्या बहार है!”

मोतीरामांनी सूचक बोलायला सुरुवात केली. सूचक बोलणं म्हणजे सांगणं नव्हे, असा त्यांचा दुसरा निर्णय होता.

“हबीबभाई, तुम्ही लोक मोकळे. तुम्हाला काही बंधन नाही. आपल्या अंगणात माणूस वाटेल ते करू शकतो.”

“हौ.”

“कुणाच्या हातात कात्री असली, तर मी काही बघायला येत नाही. मी दुपारी झोपतो.”

“सोना चाहिए,” हबीबभाई गंभीरपणे म्हणाले. “इस उमर में आराम जरूरी है.”

“तुमच्याकडं ती पत्रा कापायची कात्री आहे ना? कशी आहे तब्येत तिची?”

“मोतीरामभाई,” हबीबभाईंनी भिंतीवर हात ठेवला, म्हणजे भिंत जिथं असावी तिथं ठेवला, “मैं समझ रहा आप फिकर कर रहे. नक्को करो. हमारे रोजे में आप लोग हमारे सामने पानी नहीं पीते. आपका संकल्प है तो इस घर में एक पत्ता नहीं टूटेगा. मैंने सबको बोल दिया.”

मोतीरामांनी आभार मानले. दुसरं काय करणार? आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं काम पूर्ण व्हावं म्हणून दोन घरं राबत होती.

गल्लीकडं सल्ल्यांची कधीच टंचाई नसते. पाण्याची असते. कुणी म्हणालं मुळात मीठ घाला, कुणी म्हणालं गरम पाणी. ते सगळे सल्ले पहिल्या कलमात बाद झाले. सांडूचा सल्ला मात्र विचार करण्यासारखा होता.

“शेळी बांधा.”

“शेळी?”

“तुम्ही तिला सांगायचं नाय, संमती द्यायची नाय. बांधायची अन् घरात जाऊन बसायचं. खाल्लं तर शेळीनं खाल्लं. ती काय विहारात येती व्हय?”

मोतीरामांनी रात्रभर या मुद्द्याच्या दोन्ही बाजूंनी युक्तिवाद केला आणि सकाळी शेळीच्या बाजूनं निकाल दिला. सांडूनं शेळी आणली. शेळीनं वेलीचा वास घेतला, मोतीरामांकडं पाहिलं, भिंतीवर चढली आणि पलीकडं उतरून फहमिदाभाभींनी जुन्या कूलरच्या टाकीत लावलेला पुदिना मुळापासून खाल्ला. वर सुकत टाकलेल्या ओढणीचा काठही. वेलीचं एक पान तिनं खाल्लं नाही. मोतीराम माफी मागायला गेले तेव्हा फहमिदाभाभी म्हणाल्या, “जाने दो भाईसाब, जानवर है. उसका कौनसा संकल्प है!” आणि वर त्यांना शीरखुर्मा दिला. शीरखुर्मा खाताना माणूस इतका दुःखी क्वचितच दिसतो.

वेल आता खांबावरून येणाऱ्या विजेच्या तारेवर पोचली होती. पावसाचा शिंतोडा पडला की दोन्ही घरांची लाइट जाई. लाइनमन बद्रीनाथ शिडी घेऊन आला.

“काका, ही काढायला लागंल.”

“मग काढ...” मोतीराम म्हणाले, आणि उरलेला शब्द त्यांनी गिळला.

“काढतो की. इथं सही करा.” बद्रीनाथनं कागद पुढं केला. त्यावर छापलं होतं: माझ्या संमतीनं.

मोतीरामांनी पेन हातात घेतलं. ज्या माणसानं उभं आयुष्य वाळूजला सह्यांवर माल सोडला, त्याला सहीची किंमत सांगावी लागत नाही. तिसरं कलम आपण कशाला घातलं? दोन कलमांत काय कमी होतं? त्यांनी पेन परत दिलं.

“सही जमणार नाही.”

“का?”

“संकल्प आहे.”

बद्रीनाथनं कागदाची घडी घातली. “कुत्रं सुटलंय, साहेब झोपलेत, बाई माहेरी गेल्यात, सगळी कारणं ऐकलीत मी. हे नवं हाय.” तारेवरची वेल तो काठीनं थोडी सरकवून गेला. वेल दोन दिवसांत परत आली.

मोतीराम झाडांच्या खात्यात गेले. तिथं त्यांनी काही मागितलं नाही, फक्त माहिती दिली: अमुक ठिकाणी अशी अशी वेल आहे. माहिती देणं म्हणजे सांगणं नव्हे. (हा तिसरा निर्णय. पहिल्या दोन निर्णयांइतका पक्का नाही, हे त्यांनाही कळत होतं.) खात्यातला माणूस आला, त्यानं घराला एक फेरी मारली आणि म्हणाला, “वेल म्हणजे झाड नव्हे.”

“म्हणजे?”

“झाड असतं तर तोडायची परवानगी नाकारली असती. वेल आहे, त्यामुळं नाकारता पण येत नाही.” टोपण लावून झाल्यावर त्याचा आवाज मऊ झाला. “काका, एक फांदी मिळंल का? आमच्या मिसेसला असली फुलं लई आवडतात.”

मोतीरामांचं सर्वांग ‘घ्या’ म्हणत होतं. एक का, सगळी घ्या, ट्रक आणा. ते तोंड मिटून उभे राहिले.

“नाही म्हणालात तरी चालंल.”

मोतीरामांना ‘नाही’सुद्धा म्हणवेना. त्या माणसानं मान हलवली. “एवढी वेल, अन् एक फांदी देववत नाय. काय माणसं असतात!” तो गेला. मोतीराम ‘कंजूष’ या शब्दाला आयुष्यभर घाबरत आले होते. त्यांनी कट्ट्यावर बसून पाणी प्यायलं.

मेणबत्तीचं असं झालं, की नळाला पाणी आलं तेव्हा लाइट गेलेली होती. सत्यभामाबाईंनी पाणी भरण्यासाठी कट्ट्यावर मेणबत्ती लावली. हंडे भरून त्या आत गेल्या, मेणबत्ती राहिली. तेवढ्यात ग्रंथवाचन आटोपून विहारातल्या बाया त्या वाटेनं आल्या. अंधारात गुलाबी फुलांखाली ज्योत. दोघी थांबल्या. एकीनं, सवयीनं असेल, हात जोडले. दुसऱ्या दिवशी तिथं आणखी एक मेणबत्ती होती.

धम्मपाल सरांनी तातडीची बैठक बोलावली.

“खंदारे काका, तुम्ही जाणते आहात. आज मेणबत्ती, उद्या अगरबत्ती, परवा दानपेटी. आपण हे सगळं मागं टाकून आलोय ना?”

“सर, मी एक नारळसुद्धा फोडलेला नाही!” मोतीरामांचा आवाज चिरकला.

“पहिली मेणबत्ती कुणी लावली?”

“मी,” सत्यभामाबाई दारातून म्हणाल्या. “पाणी भरायला. हात जोडणारीला विचारा, ती कशाला पाया पडली. मला वाटलं हंड्याच्या पडली.”

भागूबाई खाली पाहू लागल्या. ठराव झाला, की गैरसमज होऊ नये म्हणून पाटी लावावी. मोतीरामांनी स्वतःच्या अक्षरात पाटी रंगवली: ‘ही साधी वेल आहे. कृपया नमस्कार करू नये.’ आतापर्यंत जे लोक न पाहता जात होते ते पाटी वाचायला थांबू लागले, आणि थांबल्यावर वेल पाहू लागले. चार दिवसांनी ‘नये’वर एक पान आलं. मोतीराम ते बाजूला करत. ते परत येई.

श्रावण गेला, भादवा गेला. आश्विन लागला तशी वेल फुलांनी इतकी लदबदली, की तिच्या ओझ्यानं तारा खाली झुकल्या आणि दोन्ही अंगणांवर एक गुलाबी छत डोक्याला लागेल इतकं उतरलं. छतात मधमाश्या, मुंगळे, सरडे. मोतीराम आता वाकून चालत, पण आतून ताठ. पौर्णिमा जवळ आली होती. त्यांनी विहारात बोलायचं चार वाक्यांचं भाषण तयार केलं होतं. सत्यभामाबाई त्यांना रोज सकाळी चहा देताना काहीच म्हणत नव्हत्या, आणि या काही न म्हणण्यात बदल झाला होता. पूर्वीचं काही न म्हणणं वेगळं होतं.

पौर्णिमेला दोन दिवस उरले असताना, सकाळी, मोतीराम कट्ट्यावर बादली भरत होते. पलीकडून आवाज आले. वेल इतकी दाट होती की माणूस दिसत नव्हता.

“मंडपवाला वापस गया,” हबीबभाईंचा आवाज. “बोला, बांस गाड़ने की जगा नहीं. बेल निकालो, फिर बुलाओ.”

“तो निकालो ना,” फहमिदाभाभी. “कल मंगनी है. लड़केवाले परभणी से निकलेंगे सुबह.”

“नक्को. परसों पूनम है. तीन महीने संभाला उन्होंने, अब दो दिन के वास्ते मैं तोड़ूँ? जालना में कर लेंगे. तेरे भाई का घर बड़ा है.”

“मैंने मोहल्ले को दावत दी है, जी.”

मग अरफा. अरफाला मोतीरामांनी तिच्या पहिल्या शाळेच्या दिवशी स्कूटरवरून सोडलं होतं, कारण हबीबभाईंची गाडी बंद पडली होती.

“अब्बू, मेरी मंगनी अपने घर से नहीं होगी?”

पत्रा हलवल्याचा आवाज आला.

बादली भरून वाहू लागली. मोतीरामांनी नळ बंद केला, आत गेले आणि खुंटीवरची कात्री काढली.

त्यांनी पळवाट शोधली नाही, याची नोंद घ्यावी. शोधली असती तर सापडली असती. पहिल्या वर्षाचा अभ्यास तेवढ्यापुरता पुरेसा होता. ‘सांगण्यावरून’ आणि ‘संमतीनं’ या दोन कलमांना त्यांनी धक्का लावला नाही. मोडायचं तर एकच मोडावं, तेही आपल्या हातानं, असं त्यांनी ठरवलं. ते अंगणात उभे राहिले, बोटभर जाडीची एक फांदी धरली आणि कापली. फुलांचा एक ढीग त्यांच्या टकलावर पडला. त्यात मुंगळे होते.

दारात सत्यभामाबाई उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं होतं की नाही, हे मोतीरामांनी नंतर कधी विचारलं नाही.

“दोनच दिवस राहिले होते,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे.”

सत्यभामाबाईंनी पदर खोचला. “खालून ओढू नका, सगळी अंगावर येईल. वरून सोडवत या. कात्री तिरपी धरा.”

आवाज ऐकून हबीबभाई भिंतीवरून जवळजवळ उडी मारूनच आले आणि त्यांनी मोतीरामांचं मनगट धरलं.

“मोतीरामभाई! क्या कर रहे आप! परसों पूनम है!”

“सोडा हात.”

“तीन महीने, भाई! तीन महीने!”

“हबीबभाई,” मोतीराम आपल्या मिशीतला मुंगळा काढत म्हणाले, “मी एखादं काम शेवटाला नेलं, तर या घरात मला ओळखणार कोण? सोडा. आणि तुमची ती पत्र्याची कात्री असंल तर...” ते थांबले. सवय झाली होती. “काही नाही.”

हबीबभाईंनी मनगट सोडलं. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण त्या वेळी सगळ्यांच्याच डोळ्यांत परागकण गेले होते, त्यामुळं त्यावरून काही ठरवता येत नाही. ते आत गेले आणि पत्र्याची कात्री घेऊन आले. फहमिदाभाभी विळी घेऊन आल्या. अरफा ढीग ओढू लागली. सांडू आला, त्यानं शेळी आणू का विचारलं, आणि पाचही जणांनी त्याच्याकडं पाहिलं तसा तो कुऱ्हाड घेऊन आला. दुपारपर्यंत कूलरचे सांगाडे सुटे झाले. तिसऱ्या सांगाड्यात चप्पल सापडली, निळ्या पट्ट्याची. तिच्यात एक सरडा राहत होता. हबीबभाईंनी त्याची रीतसर माफी मागून त्याला भिंतीवर ठेवलं. संध्याकाळी गच्चीवर सळया पुन्हा उघड्या पडल्या आणि घर एका मजल्याचं झालं.

मोतीरामांचे हात रात्री इतके सुजले की भाकरी सत्यभामाबाईंनी मोडून दिली. त्या काही म्हणाल्या नाहीत. हे काही न म्हणणं कुठल्या जातीचं होतं, ते मोतीरामांना ओळखता आलं नाही.

आश्विन पौर्णिमेला विहार भरला होता. वाचन संपलं, वंदना झाली, आणि ज्यांनी जे सोडलं होतं त्यांनी एकेकानं उठून सांगितलं. भागूबाईंनी तीन महिने संध्याकाळचा चहा घेतला नव्हता. त्या ते रागानंच म्हणाल्या. सांडूचाही संकल्प पूर्ण झाला होता, “एक-दोन तेराव्या-बिराव्याचे प्रसंग सोडून.” धम्मपाल सर यादीवर खुणा करत होते.

मोतीराम उठले. चार वाक्यांचं भाषण खिशात होतं. ते त्यांनी तिथंच राहू दिलं.

“माझा पूर्ण झाला नाही,” ते म्हणाले. “दोन दिवस कमी पडले. मी माझ्या हातानं कापली.”

मागच्या बाजूला कुणीतरी हळूच हसलं. बहुधा वरच्या मजल्याची आठवण झाली असावी.

“म्हणजे सत्त्याण्णव टक्क्यांच्या वर जातं,” धम्मपाल सरांच्या तोंडून गेलं. गणिताच्या माणसाचा इलाज नसतो.

“दोन दिवसांसाठी?” भागूबाई म्हणाल्या. “एवढं काय अडलं होतं, मोतीराम?”

मोतीरामांनी शेजारच्या घराचं नाव घेतलं नाही. “हात शिवशिवले,” ते म्हणाले, आणि खाली बसले. कान गरम झाले होते. धम्मपाल सरांचं पेन त्यांच्या नावापाशी थांबलं होतं, फुली मारावी की काय करावं अशा बेतात.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला. सत्यभामाबाई विहारात कधी बोलत नसत.

“सर, झालं म्हणून लिहा.”

“पण वहिनी, काका स्वतःच म्हणतायत...”

“ते म्हणू द्या. यांचं काय काय अर्धं राहतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाय. हे राहिलं नाय.” त्यांनी सतरंजीवरचा हात उचलला आणि परत ठेवला. “लिहा.”

धम्मपाल सरांनी भागूबाईंकडं पाहिलं. भागूबाईंनी मान डोलावली. सरांनी लिहिलं.

मंगनी आदल्या दिवशीच झाली होती. पाणीपुरवठ्याच्या पाइपसाठी पुढचा रस्ता त्या सकाळी खोदला गेला, त्यामुळं मंडप घराच्या मागच्या गल्लीत घातला होता, आणि परभणीचे पाहुणे तिकडूनच आले होते. वेल कापून मोकळं केलेलं अंगण तसंच रिकामं राहिलं होतं.